जाळ्यात आलेला शंकूशंख: ओळखायचा कसा, हाताळायचा कसा आणि नोंद कशी ठेवायची

पहाटे बंदराला ट्रॉलर, म्हणजे तळाशी जाळं ओढणारी नौका, लागला, की सगळ्यांचे डोळे कोळंबी, सुरमई आणि माकुलाच्या टोपल्यांवर असतात. लिलाव उरकतो, बर्फाच्या गाड्या निघतात आणि जेट्टीच्या एका कडेला शेवटचा ढीग उरतो. त्यात चिखल, खेकड्यांच्या तुटक्या नांग्या, बोटाएवढी मासळी आणि शंख असतात. हा माल फिशमीलला, म्हणजे मासळी दळून खाद्य करणाऱ्या कारखान्याला जातो. मी गेली बरीच वर्षं या ढिगाजवळ उकिडवा बसतो, कारण अरबी समुद्राच्या खोल तळावर राहणाऱ्या गोगलगायी आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाला फक्त इथंच भेटतात.

हा लेख त्यातल्या एका शंखासाठी आहे: कोनस मिलनेडवर्डसी. जगभरचे शंखप्रेमी त्याला ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ म्हणतात. तो शंकूशंखांच्या कुळातला, विषारी दातानं शिकार करणारा, साधारण ५० ते १८० मीटर खोलीवर राहणारा. तांबडा समुद्र आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्याचा वावर आहे. कायद्यानं त्याला वाघाच्या पंक्तीत बसवलंय. एवढं असूनही बंदरावर तो समोर आला तर दहातल्या नऊ जणांना ओळखता येणार नाही आणि ओळखणारा बहुधा खिशात घालेल. या दोन्ही गोष्टी होऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. मासेमारी नौकेवर काम करणारे, जीवशास्त्र शिकणारे, किनाऱ्यावर नोंदी करणारे हौशी लोक, या सगळ्यांच्या उपयोगी पडेल अशी आशा आहे.

आधी एक जुनी गोष्ट, कारण सगळी पद्धत तिच्यातूनच येते

१८९४ मध्ये झूसोम नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं या प्रजातीचं वर्णन केलं. पाच वर्षांनी, १८९९ मध्ये, मँचेस्टरच्या मेलव्हिल आणि स्टँडन या जोडीनं ‘कोनस क्लायटोस्पायरा’ या नावानं एक नवा शंख जाहीर केला. तो आला होता मुंबईच्या पश्चिम-वायव्येकडून, अरबी समुद्रातून, ४५ फॅदम म्हणजे सुमारे ८२ मीटर खोलीवरून. आणला होता एका तारेनं! त्या काळी समुद्रतळावरून टेलिग्राफच्या केबल टाकलेल्या असत आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी ‘पॅट्रिक स्टुअर्ट’ नावाची आगबोट फिरत असे. तिच्यावरचे कॅप्टन टाउनसेंड केबल वर ओढली की तिला चिकटून आलेले जीव बाजूला काढून ठेवत. पुढं लक्षात आलं, की हा शंख म्हणजे झूसोमच्याच प्रजातीचा आपल्या बाजूचा भाऊबंद. आज त्याला त्या प्रजातीचा उपप्रकार मानतात.

मला या गोष्टीतली केबलपेक्षा दुसरीच बाब मोलाची वाटते. टाउनसेंडनी खोली लिहून ठेवली, जागा लिहून ठेवली. म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही आपण त्या शंखाबद्दल नेमकं बोलू शकतो. नुसता शंख कपाटात राहिला असता तर तो सुंदर होता एवढंच कळलं असतं. कॅप्टनच्या वहीतला तो आकडा आज प्रत्येक ट्रॉलरच्या तांडेलाच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाच्या, डोक्यात असतो आणि कुणीही विचारत नाही म्हणून दुपारपर्यंत विरून जातो. पुढं जे सांगणार आहे त्याचा गाभा हाच: शंख नको, तांडेलाच्या डोक्यातला आकडा हवा.

पहिली पायरी: हात पाठीमागे

ढिगापाशी बसलात की पहिला नियम असा, की उघड्या हातानं काहीही उचलायचं नाही. लांब दांड्याचा चिमटा ठेवा. स्वयंपाकघरातल्या सांडशीसारखा आखूड नको, शेगडीत कोळसे हलवायला वापरतात तसा हातभर लांब. सोबत एक रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा डबा, बादलीभर समुद्राचं पाणी, स्टीलची पट्टी, वही आणि पेन्सिल. पेन नको, जेट्टीवर पानं ओली होतातच.

हातमोज्यांवर विसंबू नका. शंकूशंखाचा दात म्हणजे पोकळ, काटेरी टोकाची सुई असते. तो जीव ती सोंडेच्या टोकाशी आणून भाल्यासारखी खुपसतो आणि मागच्या पिशवीतून विष दाबून पाठवतो. एक दात वापरून झाला की दुसरा तयार असतो. पातळ रबर, कापड, पँटचा खिसा हे सगळं त्या सुईला भेदता येतं. पूर्वी पाणबुडे जिवंत शंख चड्डीच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवून वर येत आणि तिथंच दंश होई.

‘रुंद टोकाला धरलं की काही होत नाही’ असा एक समज मी कितीतरी जणांकडून ऐकलाय. तो मनातून काढून टाका. सोंड अरुंद टोकाकडून बाहेर येते हे खरं, पण ती ताणली जाते, वळते आणि शंखाच्या पाठीपर्यंत पोचू शकते. सुरक्षित टोक असं नसतंच.

एकदा जिवंत शंकूशंख मी डब्यातल्या पाण्यात पाहत बसलो होतो. पाच-सात मिनिटं तो नुसता दगड. मग अरुंद टोकाच्या खाचेतून एक मांसल नळी बाहेर आली, तिच्यावर गडद पट्टे होते, आणि ती हळूहळू डावी-उजवीकडे फिरू लागली. ती वास घेणारी नळी. तिच्या खालून, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी, दुसरी सोंड निघाली. ही बारीक, फिकट, टोकाशी निमुळती. डब्याच्या भिंतीला टेकत टेकत ती शंखाच्या जवळजवळ लांबीइतकी पसरली. ज्यांना हे सगळं अतिशयोक्ती वाटतं त्यांनी एकदा ती सोंड पाहावी, लांबून.

दुसरी पायरी: जिवंत, रिकामा की भाडेकरू?

चिमट्यानं उचलून शंख पाण्याच्या डब्यात ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. पाय-नांग्या दिसल्या तर आत संन्यासी खेकडा आहे, मूळ मालक केव्हाच गेलेला. मांसल पाय किंवा नळी दिसली तर तो जिवंत. काहीच दिसलं नाही तरी ‘रिकामा’ असं लगेच लिहू नका. शंकूशंखाच्या तोंडावरचं झाकण अगदी नखाएवढं असतं, तोंड बंद करण्याइतकं मोठं नसतंच. त्यामुळं जीव आत खोल ओढला गेला की तोंड उघडं आणि मोकळं दिसतं. हीच फसगत सगळ्यात धोक्याची. टॉर्चचा उजेड तोंडात तिरपा मारून आत मांस दिसतं का पाहा, आणि शंका असेल तर जिवंतच धरा.

नौकेवरच सापडला आणि जिवंत असेल तर एकच काम आहे: फावड्यानं उचलून लगेच समुद्रात. फोटो दोन मिनिटांत होत असेल तर घ्या, नाहीतर राहू द्या. जेट्टीवर येईपर्यंत बर्फात आणि मासळीच्या ओझ्याखाली खोल पाण्यातले शंख बहुतेक मेलेलेच असतात. बंदराच्या उथळ, तेलकट पाण्यात सोडून तो जगेल असं समजू नका. म्हणून खलाशांशी आधीच बोलून ठेवणं जास्त कामाचं. जेट्टीवर आपण पोचतो तोवर फार उशीर झालेला असतो.

तिसरी पायरी: हा शंकूशंख आहे का?

शंकूशंखाची ठेवण आइस्क्रीमच्या कोनासारखी असते. वर रुंद खांदा, खाली निमुळता होत गेलेला देह, आणि एका बाजूला वरपासून खालपर्यंत गेलेली अरुंद, सरळ फट. ही फट म्हणजे त्याचं तोंड. ती शंखाच्या देहाएवढी लांब असते, ही खूण पक्की धरा.

ट्रॉलच्या ढिगात गोंधळ घालणारे बरेच असतात. लांब काट्यांचे म्युरेक्स, गाठीगाठींचे बेडूकशंख, खाली लांब चोच असलेले टिबिया, तपकिरी ठिपक्यांचे गोलसर बॅबिलोनिया. हे सगळे वेगळे, तोंडाकडं पाहिलं की लगेच बाजूला पडतात. खरी अडचण टुरिडची. तेही निमुळते, तेही उंच कळसाचे आणि शंकूशंखांचे नातेवाईकच, विषारी दात असलेले. त्यांच्या तोंडाच्या बाहेरच्या कडेला वरच्या बाजूला एक स्पष्ट खाच असते आणि खाली बहुधा लांब नळी. टुरिड वाटला तरी चिमटा सोडायचा नाही.

चौथी पायरी: ग्लोरी ऑफ इंडिया की दुसरा कुणी?

इथं घाई करू नये. मी स्वतः ओळखताना या क्रमानं पाहतो.

सगळ्यात आधी कळस. शंखाचा वरचा, वळ्यावळ्यांचा भाग म्हणजे कळस. मिलनेडवर्डसीचा कळस उंच असतो आणि प्रत्येक वळा खालच्या वळ्यावर पायरीसारखा बसलेला असतो. बाजूनं पाहिलं तर देवळाच्या शिखराचे थर जसे एकावर एक मागं सरकत जातात, तशी ती कड दिसते. दुसऱ्या कुठल्याही खुणेआधी मी ही पायरी शोधतो, कारण रंग उडतो, नक्षी झिजते, पण पायऱ्या झिजलेल्या शंखावरही हाताला लागतील इतक्या ठसठशीत राहतात. (हाताला म्हणजे चिमट्याच्या टोकाला, आणि शंख नक्की रिकामा असेल तेव्हाच.)

मग देह. तो सडपातळ असतो, कडा जवळपास सरळ, पोट सुटलेलं नसतं. मोठा नमुना १७ सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पण वीतभर नाही म्हणून बाद करू नका, लहान नमुनेही येतात.

शेवटी नक्षी. पांढऱ्या जमिनीवर तांबूस-तपकिरी रेषांचं जाळं आणि त्या जाळ्यात अडकलेले पांढरे त्रिकोण, राहुट्या ठोकल्यासारखे. देहावर दोन-तीन आडवे पट्टे जास्त गडद दिसतात. ताज्या शंखावर मात्र पातळ तपकिरी साल असते आणि तिच्याखाली नक्षी झाकली जाते. ओला करून उजेडात तिरपा धरला तर सालीखालून रेषा दिसू लागतात. ही साल खरवडायची नाही, आणि त्याचं कारण पुढं येतंय.

आता सारखे दिसणारे. कोनस टेक्सटाइलवरही त्रिकोणांची नक्षी असते आणि पर्यटनस्थळांवरच्या दुकानांत तोच जास्त दिसतो. पण त्याचं पोट फुगीर, कळस बुटका, आणि तो प्रवाळांच्या उथळ पाण्यातला. त्याचा दंश माणसासाठी अतिशय धोक्याचा मानतात. बंगालच्या उपसागराच्या बाजूला ‘ग्लोरी ऑफ बेंगॉल’ म्हणजे कोनस बेंगालेन्सिस आहे, त्याचं नामकरण १९६८ मधलं. त्याची नक्षी जास्त बारीक विणलेली आणि कळसाच्या पायऱ्या इतक्या ठळक नसतात. तिसरा ‘ग्लोरी ऑफ द सी’, कोनस ग्लोरियामारिस. हा पश्चिम प्रशांत महासागरातला. १७७७ पासून माहीत असलेला हा शंख दोन शतकं जगातला सर्वात दुर्मीळ म्हणून मिरवला आणि १९६९ मध्ये सॉलोमन बेटांपाशी पाणबुड्यांना त्याचं ठिकाण सापडल्यावर त्याचा भाव कोसळला. तो कोकणच्या जाळ्यात यायचा नाही. हे इथं लिहिलं कारण फोटोवरून ओळखणारी अ‍ॅप्स या तिघांत हमखास गल्लत करतात. ठिकाण आणि खोली टाकली की निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

आपल्याकडच्या उथळ वाळूत दिसणारा तपकिरी, बारीक आडव्या रेषांचा, आखूड कळसाचा शंकूशंख बहुधा कोनस फिग्युलिनस असतो. त्यावर राहुट्या नसतात. त्याचीही नोंद करा, सामान्य म्हणून सोडू नका.

पाचवी पायरी: फोटो

पाच फोटो पुरतात: तोंडाची बाजू, पाठ, वरून कळस, कळस बाजूनं, आणि खालचं टोक. वरून काढलेल्या फोटोत पायऱ्या दिसत नाहीत, म्हणून बाजूचा फोटो चुकवू नका. शंखाशेजारी स्टीलची पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. नाणं शंखाच्या मधल्या उंचीला यावं, जमिनीवर ठेवलं तर माप चुकतं. उन्हात ओल्या शंखावर चकाकी येते आणि जाळीदार नक्षी हरवते, म्हणून ताडपत्रीच्या सावलीत काढा. फ्लॅश बंद.

सहावी पायरी: तांडेलाशी बोलणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. माल उतरत असताना मध्ये जाऊ नका. चहाच्या टपरीवर गाठा. मी साधं विचारतो, ‘मामा, जाळं किती पाण्यात मारलं होतं?’ उत्तर वावात येतं. एक वाव म्हणजे एक फॅदम, सहा फूट, १.८३ मीटर. ४५ वाव म्हणजे ८२ मीटर. पण नव्या नौकांवरच्या खोली दाखवणाऱ्या यंत्रात आकडा मीटरमध्ये लावलेला असू शकतो आणि तरुण तांडेल तोच सांगतो. म्हणून दरवेळी विचारा: ‘वाव की मीटर?’ हा प्रश्न न विचारल्यामुळं माझ्या जुन्या वहीतली एक चांगली नोंद कायमची निकामी झाली. नुसतं ‘४०’ असं लिहिलंय. चाळीस मीटर म्हणजे एक समुद्र आणि चाळीस वाव म्हणजे ७३ मीटर, दुसराच समुद्र. तो तांडेल पुढच्या हंगामात दुसऱ्या नौकेवर गेला आणि पुन्हा भेटला नाही. मला त्याची आजही हळहळ वाटते.

दुसरा घोळ जागेचा. नौकेवरचं जीपीएस बहुधा अंश आणि मिनिटं दाखवतं, आणि मोबाइलवरचे नकाशे दशांश अंश मागतात. समजा पडद्यावर १६ अंश ५९.४ मिनिटं उत्तर असं आहे. अनेक जण ते १६.५९४ असं टाकतात. चूक. मिनिटांना ६० नं भागायचं: ५९.४ भागिले ६० म्हणजे ०.९९, म्हणून १६.९९. या एका चुकीनं जागा सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला सरकते, रत्नागिरीसमोरचा शंख थेट विजयदुर्गाकडं जातो. मी आकडा जसाच्या तसा वहीत उतरवतो, शक्य असेल तर पडद्याचा फोटो घेतो आणि रूपांतर घरी बसून करतो.

आणखी तीन गोष्टी विचारा. तळ चिखलाचा होता, वाळूचा की शिंपल्यांच्या चुऱ्याचा? जाळं किती तास ओढलं? दोन-तीन तास ओढलेलं जाळं बरेच मैल तळ खरवडून येतं, त्यामुळं एकच बिंदू लिहिण्यापेक्षा सुरुवात आणि शेवट लिहावेत. आणि माल एकाच जाळ्यातला की चार दिवसांचा मिसळलेला? मिसळलेला असेल तर तसंच लिहा: ‘खोली ३५ ते ५० वाव, माल एकत्र.’ खरा पण ढोबळ आकडा खोट्या नेमक्या आकड्यापेक्षा कधीही चांगला.

दंश झालाच तर

शंकूशंखाच्या दंशानं माणूस दगावल्याची लेखी नोंद तीनशे वर्षांहून जुनी आहे. रुम्फियस या डच सेवेतल्या निसर्ग अभ्यासकाच्या १७०५ मध्ये छापलेल्या ग्रंथात बांदा बेटांवरच्या एका स्त्रीच्या मृत्यूचा उल्लेख येतो. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हेमन बेटावर २७ वर्षांच्या एका तरुणानं जिवंत कोनस जिओग्राफस तळहातावर धरला आणि त्यावरची साल चाकूनं खरवडायला घेतली. तळहातात दंश झाला आणि काही तासांत तो गेला. साल खरवडू नका असं वर म्हटलं ते यासाठी. माणसांचे मृत्यू मुख्यतः या जिओग्राफसमुळंच झालेत आणि तो उथळ प्रवाळातला आहे. पण बंदरावर कुणाच्या हातात कुठला शंख आहे हे दंश झाल्यावर तपासत बसायला वेळ नसतो. प्रत्येक शंकूशंख धोक्याचा समजूनच वागा.

दंशाची वेदना मधमाशीएवढी असू शकते आणि कधी जाणवतही नाही, त्यामुळं ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ असं म्हणू नका. मग त्या जागी बधिरपणा, ओठांभोवती मुंग्या, डोळ्यांपुढं दोन-दोन दिसणं, गिळताना-बोलताना त्रास, हातपाय लुळे पडणं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकणं असा क्रम असू शकतो. हे काही मिनिटांत सुरू होऊ शकतं किंवा काही तासांत.

करायचं ते असं. माणसाला आडवं करा, चालवू नका. दंश झालेला हात किंवा पाय बोटांपासून वरपर्यंत रुंद क्रेप बँडेजनं घट्ट गुंडाळा, मुरगळलेल्या पायाला बांधतात तितपत घट्ट. रक्तप्रवाह थांबवणारी दोरी बांधायची नाही. फळी किंवा वल्ह्याचा तुकडा लावून तो अवयव स्थिर करा. १०८ ला फोन करा. जखम कापू नका, चोखू नका, दात शोधायला कोरू नका. श्वास मंदावला तर तोंडानं श्वास द्या आणि रुग्णालयापर्यंत देत राहा.

रुग्णालयात एक गोष्ट ठामपणे सांगा: हा सापाचा दंश नाही, यावर प्रतिविष उपलब्ध नाही, सापाची लस उपयोगी नाही. रुग्णाला विषाचा अंमल ओसरेपर्यंत श्वासाचा आधार लागतो, आणि तो वेळेत मिळाला तर माणूस वाचतो. शंखाचा फोटो दाखवा, शंख सोबत नेऊ नका. आणखी एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं: अंग लुळं पडलं तरी रुग्णाला ऐकू येत असू शकतं. त्याच्याशी बोलत राहा, त्याच्या उशाशी उभं राहून ‘आता काही खरं नाही’ असं बोलू नका.

याच विषानं माणसाचं भलंही केलंय. कोनस मॅगसच्या विषातल्या एका घटकावरून बनवलेलं झिकोनोटाइड हे औषध अमेरिकेत डिसेंबर २००४ मध्ये मंजूर झालं. ज्यांच्या वेदना मॉर्फिननंही आटोक्यात येत नाहीत, त्यांना ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात थेट देतात. त्यामागं फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ओलिवेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची अनेक वर्षांची मेहनत आहे. म्हणून हा जीव दिसला की ठेचून टाका, असं मी कधीच म्हणणार नाही.

कायदा: शंख घरी नाही

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण शंखशिंपल्यांना त्यात जागा मिळाली २००१ मध्ये. कोनस मिलनेडवर्डसी अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याच यादीत शिंगाडा हेल्मेट शंख म्हणजे कॅसिस कॉर्नुटा, ट्रायटन, नॉटिलस आणि राक्षसी शिंपल्यांच्या प्रजाती येतात. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अनुसूची १ मधल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

‘रिकामाच तर होता’ हा बचाव नाही. संरक्षण मेलेल्या प्राण्याच्या अवशेषांनाही असतं. विकत घेणं, विकणं, कुरियरनं पाठवणं, दिवाणखान्यात ठेवणं यातलं काहीच करायचं नाही. मेलेला सापडला तर फोटो आणि नोंद करून तो आहे तिथं राहू द्या आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात १९२६ हा हॅलो फॉरेस्टचा क्रमांक आहे. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं नावही बहुतेक तांडेलांना माहीत असतं, कारण कासव किंवा डॉल्फिन सोडवताना जाळं कापावं लागलं तर भरपाई तिथून मिळते. तीच ओळख शंखासाठी वापरा. खलाशांवर डोळे वटारून कायदा सांगू नका. त्यांनी तो मुद्दाम पकडलेला नसतो, आणि एकदा धाक बसला की पुढचा शंख तुम्हाला कुणी दाखवणार नाही.

नोंद कुठं पाठवायची

आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकताना ठिकाण अस्पष्ट ठेवण्याची सोय आहे, या प्रजातीसाठी ती वापराच. दुर्मीळ शंखाचा नेमका पत्ता उघड्यावर टाकणं म्हणजे व्यापाऱ्याला आमंत्रण. नेमके आकडे अभ्यासकांना द्या: पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. पत्रात आधी खोली, जागा आणि तारीख लिहा, प्रजातीचं नाव शेवटी ‘बहुधा’ लावून.

१ जूनला मासेमारी बंदी सुरू झाली की नौका ओढून ठेवतात आणि तांडेलांना वेळ असतो. त्या दिवसांत मी समुद्राचा छापील नकाशा घेऊन जातो. गेल्या पावसाळ्यात एका वयस्कर तांडेलानं पडवीत बसून चष्मा नाकावर सरकवला, नकाशावर बोट फिरवलं आणि एका ठिकाणी थांबवलं. म्हणाला, ‘हितं. शिंपल्याचा चुरा लागतो, जाळं जड होतं, मग त्यात पायऱ्यापायऱ्यांचा शंख असतो कधीतरी. आम्ही पोरांना खेळायला आणायचो.’ मी त्या जागी पेन्सिलनं बारीक फुली केली, शेजारी ४८ लिहिलं, त्याच्याकडं पाहिलं. ‘वाव,’ तो स्वतःहूनच म्हणाला, आणि मी तेही लिहून घेतलं.